'सर्वांना आग्रहाचे निमंत्रण' – पण खरंच सर्वांना?



गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका मीच तयार केली होती. रंगीत, फुलांची नक्षी, खाली 'सर्वांना आग्रहाचे निमंत्रण'. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या बाबांचा फोन आला. ते अंध आहेत. मोबाईलवरचा मजकूर टॉकबॅक त्यांना वाचून दाखवतो. "मॅडम, फोन नुसता 'फोटो' म्हणतोय. आत काय लिहिलंय?" त्यांची मुलगी नाचात होती! मला अगदी ओशाळल्यासारखं झालं.

नाटकांच्या जाहिराती पाहा. नाव, कलाकार, वेळ, तिकीटदर सगळं असतं. पण पायऱ्या किती, व्हीलचेअर आत जाते का, हे क्वचितच सापडतं. बुकिंगसाठी फक्त फोन नंबर दिला, तर कर्णबधिर प्रेक्षकाने काय करायचं? नाट्यगृहात रॅम्प असूनही जाहिरातीत तसं लिहिलेलं नसेल, तर दारापासून परत फिरायच्या भीतीने माणूस घरीच थांबतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्याच कायद्याचं कलम २९ सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने सहभागाबद्दल आहे. पण प्रयोगाची माहितीच पोचली नाही, तर सहभाग कुठून होणार?

आपण शाळेपासून सुरुवात करूया. खर्च काहीच नाही :

१) पत्रिकेच्या चित्राखाली तोच मजकूर टाईप करून पाठवा.
२) अक्षरं मोठी, पार्श्वभूमी साधी ठेवा.
३) संपर्कासाठी फोनसोबत मेसेजचीही सोय द्या.
४) पायऱ्या, रॅम्प, स्वच्छतागृह, बसायची जागा याबद्दल खरं ते लिहा. रॅम्प नसेल तर 'नाही' असंच लिहा.
५) मोठा आवाज, लुकलुकणारे दिवे असतील तर आधी कळवा. स्वमग्न मुलांच्या पालकांना तयारी करता येते.

कुणी म्हणेल, "असे पालक आहेतच किती?" अहो, पत्रिकाच त्यांच्यापर्यंत पोचत नाही, मग ते आपल्याला दिसणार कसे?

यंदा पत्रिका पाठवण्याआधी मी डोळे मिटून ती टॉकबॅकवर ऐकणार आहे. तुम्हीही एकदा ऐकून बघा. 'सर्वांना' हा शब्द लिहायचा की नाही, ते मग ठरवा.