न आलेल्या ग्राहकाची किंमत कोणी मोजायची?

सकाळी अकराची वेळ ठरलेली असते. टॅटू कलाकाराने आदल्या रात्री जागून नक्षी रेखाटलेली असते, त्वचेवर उमटवायचा छाप तयार असतो आणि दिवसभराचे दुसरे कोणतेही काम स्वीकारलेले नसते. पावणेअकराला मोबाइलवर संदेश येतो, 'आज जमत नाही, पुढच्या आठवड्यात बघू.' कधी तर तेवढाही संदेश येत नाही. मुंबई-पुण्यात हा व्यवसाय आता चांगलाच रुजला आहे. मात्र 'न आलेल्या ग्राहकाचे काय करायचे' या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर अद्याप सापडलेले नाही.

वरवर पाहता हा किरकोळ विषय वाटेल. केशकर्तनालयात एक ग्राहक आला नाही, तर दुसरा त्याच खुर्चीत बसतो. टॅटूचे तसे नाही. नक्षी एकाच माणसासाठी, त्याच्या दंडाच्या किंवा पाठीच्या मापाने काढलेली असते. मोठ्या कामाला संपूर्ण दिवस राखून ठेवावा लागतो. अनेक कलाकारांना पगार नसतो, झालेल्या कामातील वाटा तेवढा मिळतो. काम बुडाले की दिवसाची कमाई बुडते, जागेचे भाडे मात्र थांबत नाही.

आपल्याकडे गोंदणाची परंपरा जुनी आहे. परंतु गोंदणारी बाई आठवड्याच्या बाजारात किंवा जत्रेत बसे आणि समोर येईल तिच्या हातावर तिथल्या तिथे गोंदून देई. तेथे वेळ राखून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. आज काम आगाऊ वेळ ठरवून चालते, पण अनेकांची मनोवृत्ती बाजारातल्या फेरफटक्याचीच राहिली आहे.

यावर स्वाभाविक उपाय म्हणजे विसार, अर्थात आगाऊ अनामत. ही कल्पना परकी नव्हे. मांडववाला आणि बँडवाला विसार घेतल्याखेरीज तारीख पक्की करीत नाहीत. नारायणगावातील तमाशा फडांच्या राहुट्यांत गावोगावचे यात्रेचे कारभारी सुपारी देऊनच फड ठरवतात. रेल्वेचे आरक्षण रद्द केल्यावर कापली जाणारी रक्कमही आपण मुकाट्याने सोसतो. मग एकट्या कलाकाराने आपल्या वेळेचे मोल मागितले, तर ते उद्धटपणाचे का वाटावे?

तथापि, विसार म्हणजे दंड वसूल करण्याचा परवाना नव्हे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगाबद्दल वाजवी भरपाईच मिळू शकते. करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने आणखी एक पाऊल टाकले. अवाजवी अनामत किंवा झालेल्या हानीच्या मानाने अतिरेकी दंड लादणारा करार त्याने 'अनुचित करार' ठरविला. फेब्रुवारी २०२५ मध्ये घराच्या नोंदणीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वीस टक्के रक्कम जप्त करण्याची एकतर्फी अट मान्य केली नाही आणि दहा टक्क्यांची कपात ग्राह्य धरली. घराचा व्यवहार आणि टॅटू यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. पण रोख स्पष्ट आहे: रक्कम वाजवी हवी आणि अटी एकतर्फी नसाव्यात.

या व्यवसायात तर आणखी एक नाजूक बाब आहे. टॅटू आयुष्यभराचा असतो. ज्याच्या मनात ऐन वेळी शंका आली, त्याला माघार घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याचप्रमाणे ताप असताना, त्वचेला संसर्ग झालेला असताना किंवा मद्य घेतलेले असताना टॅटू काढणे योग्य नाही. अनामत फार मोठी ठेवली, तर पैसे बुडतील या धास्तीने आजारी ग्राहक आजार लपवून येईल आणि साशंक ग्राहक मन मारून सुई टोचून घेईल. दोघांच्याही पश्चात्तापाची जबाबदारी कलाकाराच्या नावावर जमा होईल.

म्हणूनच अनामत कळविण्याची आठवण राहील इतकी मोठी आणि माघारीची वाट बंद होणार नाही इतकी लहान असावी. नक्षी काढण्याच्या श्रमाएवढी रक्कम हा त्याचा सोपा हिशेब ठरेल. दोन दिवस आधी कळविल्यास किंवा प्रकृतीचे कारण असल्यास तीच रक्कम पुढच्या तारखेस वळती करावी. वारंवार वेळ चुकविणाऱ्याकडून मात्र नवी अनामत घ्यावी आणि तरीही सुधारणा नसेल, तर नम्रपणे नकार द्यावा. आदल्या दिवशी आठवणीचा संदेश पाठवावा. या साऱ्या अटी पैसे घेण्यापूर्वीच मराठीत, लेखी आणि स्पष्ट कळवाव्यात. आणि कलाकारानेच वेळ मोडली, तर अनामत तत्काळ, विनातक्रार परत करावी. नियम दोघांनाही लागू असेल, तरच त्याला नियम म्हणता येईल.

ग्राहकाकडून अपेक्षा फार मोठी नाही. मन बदलणे हा गुन्हा नव्हे. ते बदलले आहे हे वेळेवर न सांगणे हा मात्र दुसऱ्याच्या भाकरीवरचा घाला आहे. एक संदेश दोन दिवस आधी गेला, तर त्या दिवशी दुसऱ्या कोणाचे काम होते आणि कलाकाराची चूलही पेटते.