बाबांच्या गावाला बाबागाडी

बाळाचं पहिलं विमान म्हटलं की घरात पहिलं भांडण बाबागाडीवरून. आजीचा डायलॉग ठरलेला, 'कडेवर घ्यायला काय झालं? आम्ही तीन-तीन पोरं एसटीनं नेली!' गंमत म्हणजे ही घडीची बाबागाडी विमानवाल्याच्याच डोक्यातून निघालीय. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश अभियंते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या लँडिंग गिअरवर त्यांनी काम केलं होतं. लेक मॉस्कोहून नातवंडाला घेऊन आली, तिची ती अवजड प्रॅम बघून त्यांनी 1965मध्ये अ‍ॅल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी गाडी बनवली. वजन जेमतेम पावणेतीन किलो. घ्या, आजीला उत्तर तयार!

आता आपल्याकडे या. 1 ऑक्टोबर 2017ला कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला शिर्डी विमानतळ सुरू झाला आणि नगर जिल्ह्यात (2024पासून अहिल्यानगर, तोंडात मात्र नगरच) आयटीवाल्या आई-बाबांची 'बाळाला बाबांचं दर्शन' ट्रिप वीकएंडमध्ये बसायला लागली. माझी मावसबहीणही नऊ महिन्यांच्या लेकाला घेऊन निघाली. जिजूंना रजा नाही, म्हणून सोबतीला मी.

काउंटरवर बाबागाडीला टॅग लागला, विमानाच्या दारापर्यंत न्यायची परवानगीही मिळाली. तान्ह्या बाळाची गाडी विमान कंपन्या सहसा फुकट नेतात. सिक्युरिटीला मात्र बाळ बाहेर, गाडी रिकामी करून एक्स-रेत. खालच्या जाळीत कोंबलेलं सगळं काढा, परत भरा. जाळी रिकामीच ठेवा, बॉस!

खरा पेपर विमानाच्या जिन्यापाशी. छोट्या विमानतळांवर एअरोब्रिज नसतो. मागे रांग, ऊन, इंजिनाचा आवाज आणि समोर 'मॅडम, गाडी इथंच द्या.' ताईच्या एका हातात बाळ, खांद्यावर डायपर बॅग, आणि गाडीची घडी दोन्ही हातांनीच होणारी. मी होते म्हणून निभावलं. एकटी आई असती तर बाळ द्यायचं कुणाकडे? महागड्या गाडीच्या जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

उतरल्यावर आणखी एक सरप्राईज. दारात दिलेली गाडी दारातच मिळेल असं नाही, ती बऱ्याचदा थेट बेल्टवर येते. तोवर बाळ कडेवर. म्हणून गाडी असली तरी बेबी कॅरियर किंवा ओढणीची झोळी हवीच. गाडी देण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. चाक मोडलेलं दिसलं तर विमानतळ सोडण्याआधीच काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा.

'केबिन साइज' गाडीचा फंडाही नीट समजून घ्या. आपल्याकडे हँडबॅगेला साधारण 7 किलो आणि लांबी-रुंदी-उंची मिळून 115 सेंटिमीटरची मर्यादा असते. काही गाड्या त्यात बसतात, पण एटीआरसारख्या छोट्या विमानातले वरचे कप्पे इवलेसे. तिथे शेवटचा शब्द स्टाफचा. बुकिंगनंतर कस्टमर केअरला फोन टाका आणि उत्तर ईमेलवर मागा.

गाडी घ्यायला जाल तेव्हा रंग आणि कप होल्डर नंतर बघा. आधी बाळाला, नाहीतर सात-आठ किलोच्या तांदळाच्या पिशवीला, एका कडेवर घ्या आणि दुसऱ्या हातानं गाडी मिटून दाखवा. दुकानदार हसला तर हसू दे.