बडवानी ते ट्रॉम्बे, मग बालाघाट ते जलाहळ्ळी का नाही?

समाजातल्या एखाद्या मुलाने इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली की घरात दोनच प्रश्न निघतात. पुण्याला केव्हा निघणार आणि पॅकेज किती? त्याने रडारच्या कामात जायचे म्हटले तर वडीलधारी मंडळी गप्प होतात. ‘तिथे आपल्याला कोण विचारतो?’ हे वाक्य आम्ही या गावात कित्येकदा ऐकले आहे, आणि कबूल करतो, स्वतःही बोललो आहोत.

डॉ. अनिल काकोडकर १९४३ साली बडवानीला जन्मले. शाळा बडवानी-खरगोनची. पुढे मुंबईला व्हीजेटीआयमधून १९६३ साली पदवी, मग ट्रॉम्बेचे प्रशिक्षण विद्यालय आणि १९७४ व १९९८ या दोन्ही अणुचाचण्यांत सहभाग. तेही मध्य प्रदेशातल्या मराठी घरातलेच. तेव्हा जिल्ह्याचे गाव आडवे आले, ही सबब चालायची नाही.

आडवे येते ते अज्ञान. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या जाहिरातीत ‘ट्रेनी इंजिनिअर’ आणि ‘प्रोबेशनरी इंजिनिअर’ या दोन अगदी वेगळ्या जागा असतात. पहिली दोन-तीन वर्षांच्या कराराची, दुसरी कायम. पहिली मिळाली म्हणून पेढे वाटायचे आणि करार संपल्यावर फसवणूक झाली म्हणायचे, यात कंपनीचा काय दोष? आमच्या मते करारही वाया जात नाही. सर्किट बोर्ड तपासणे, यंत्र उष्णतेत आणि हादऱ्यांत टिकते का ते पाहणे, प्रत्येक चाचणीची नोंद ठेवणे, हे काम हातात बसले की हैदराबाद-बंगळूरच्या खासगी कंपन्या त्या अनुभवाला किंमत देतात. मात्र कायम जागेची वयोमर्यादा कमी असते. कराराच्या काळातच तिची तयारी सुरू ठेवावी लागते.

डीआरडीओत ‘सायंटिस्ट बी’ व्हायचे तर गेटचे गुण आणि मुलाखत, असा मुख्य रस्ता आहे. पुण्याजवळ गिरिनगरच्या डीआयएटीतल्या एम.टेक.लाही गेट उपयोगी पडते. निवड झाल्यावर पोलीस पडताळणी होते, तिला वेळ लागतो. तेवढ्यात घाबरून दुसरी नोकरी धरू नये.

आता थोडे राजकारण. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि आपण इकडे राहिलो. त्याची किंमत आजही प्रवेशाच्या वेळी मोजावी लागते. एनआयटीच्या निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, म्हणून गोंदियापलीकडचे नागपूरचे व्हीएनआयटी आपल्या मुलाला परराज्याचे आणि दूरचे भोपाळ घरचे! यावर रडगाणे पुष्कळ झाले. पण जबलपूरचे १९४७ चे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आपल्याच राज्यात आहे, तिथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून आहे. आपल्या डिप्लोमाच्या मुलांना तिथे अप्रेंटिस म्हणून जास्त संख्येने घ्यावे, असे निवेदन आजवर कोणत्या लोकप्रतिनिधीने दिले? आणि आपण तरी कोणाकडे मागितले? मते मागायला आलेल्यांपुढे आपण सभागृहाच्या पत्र्याची मागणी ठेवतो.

येत्या गणेशोत्सवातील सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत. ऑर्केस्ट्राच्या खर्चातून निम्मी रक्कम काढून गेटची पुस्तके घ्यावीत आणि वाचनालयाची खोली रात्री दहापर्यंत उघडी ठेवावी. विरोध होईल हे माहीत आहे. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी सभेला यावे, नंतर पानटपरीवर बोलू नये.