हवेचे वजन चुकते तेव्हा

मोटारीत पेट्रोल जळते हे सर्वांस ठाऊक असते. परंतु एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते, याकडे मालकाचे लक्ष क्वचितच जाते. आत येणाऱ्या हवेचे वजन क्षणोक्षणी करून ते इंजिनाच्या संगणकास कळविणारा तराजू म्हणजे एअर फ्लो मीटर. एअर फिल्टरची पेटी व थ्रॉटल यांमधील नळीत तो बसविलेला असतो.

हवेचे आकारमान न मोजता वजनच का करावयाचे? महाबळेश्वरास, साडेचार हजार फुटांच्या उंचीवर, एक लिटर हवेत मुंबईतील एक लिटर हवेपेक्षा प्राणवायू कमी असतो. जुन्या मापकात हवेने ढकलला जाणारा पडदा असे. त्यास हा भेद नीट उमगत नसे. आताच्या मापकात विजेने तापविलेली बारीक तार अथवा पट्टी असते. वाहती हवा तिला थंड करते. तिची उष्णता टिकविण्यास जितका अधिक प्रवाह लागेल, तितकी अधिक हवा आत आली, असा हा सरळ हिशेब आहे.

हिशेब बिघडतो तो बहुधा धुळीने. तारेवर धुळीचा वा तेलाचा थर बसला की ती हवा कमी तोलते. संगणक त्या मानाने पेट्रोलही कमी सोडतो. घाट चढताना किंवा मालवाहू गाडीच्या पुढे जाताना ऐनवेळी जोर मिळत नाही, हा त्यातील खरा धोका. तराजू उलट जादा तोलू लागला, तर पेट्रोल वाया जाते आणि न जळलेल्या इंधनाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा महागडा भाग निकामी होऊ शकतो.

मात्र तराजूवर ठपका ठेवण्यापूर्वी नळी तपासावी. मापकाच्या पुढे नळीस चीर असेल किंवा क्लिप सैल असेल, तर हवा जकात नाका चुकविलेल्या मालाप्रमाणे बिननोंदीची आत शिरते. लक्षणे पुष्कळशी सारखीच. भेद स्कॅनर दाखवितो. संगणक स्वतःहून किती टक्के इंधन वाढवितो वा घटवितो, तो आकडा पाहावा. वाढ गाडी उभी असताना मोठी व वेगात कमी होत असेल, तर गळतीचा संशय घ्यावा. वेग व भार वाढेल तशी तीही वाढत असेल, तर मळलेल्या मापकाचा. दुसऱ्या प्रसंगी इंधनपंप अशक्त असण्याचाही संभव उरतो, म्हणून इंधनाचा दाबही मोजून घ्यावा. दोन लिटरच्या पेट्रोल इंजिनात, ते तापून संथ चालू असता, दर सेकंदास साधारण दोन ते चार ग्रॅम हवा दिसावी. पी 0101 हा संकेत आला म्हणजे मापकच गेला असे नव्हे. वाचन अपेक्षेशी जुळत नाही, एवढेच तो सांगतो. अनेक कारागीर तेवढ्यावरच नवा भाग बसवून मोकळे होतात आणि बिल मालकाच्या माथी येते.

एक जुनी परीक्षा अद्याप उपयोगी आहे. इंजिन बंद करून मापकाची वायर काढावी व गाडी पुन्हा सुरू करावी. संगणक मग ठरीव आकड्यांवर काम करतो. गाडी पूर्वीपेक्षा बरी चालली, तर मापक खोटे सांगत होता असे समजावे.

स्वच्छतेसाठी या कामाकरिताच मिळणारा फवारा वापरावा. कार्ब्युरेटरचा फवारा, ब्रश व कापूस वर्ज्य. तार अतिशय नाजूक असते. पूर्ण वाळल्यावरच वायर जोडावी. तेल लावलेला फिल्टर बसविणाऱ्यांना हा खटाटोप वारंवार करावा लागतो.

आपल्याकडील अनेक लहान पेट्रोल गाड्यांत हा मापक नसतोच; तेथे दाबमापकावर काम भागते. डिझेल गाड्यांत तो बहुधा असतो, आणि धुराचा परतावा त्याच्याच आकड्यावर ठरतो. म्हणून काळा धूर दिसताच इंजेक्टर उतरविण्याआधी ही नळी उघडून पाहावी.