खाल्लं तरी चालतं!

परवा रात्री साडेअकराला जाऊबाईंचा फोन. "अगं, दुकानातून डबी आणायची, मणी चिकटवायचे, झालं! त्यात कसला तत्त्वाचा प्रश्न काढून बसलीयेस तू?"

तर आजचं लिखाण त्या तत्त्वाच्या प्रश्नावर. जाऊबाई हा ब्लॉग वाचतात (आणि वाचून झाला की फोन करतात), त्यामुळे मी त्यांच्यामागे काही बोलतेय असं कुणी समजू नये.

झालंय असं की जूनमध्ये माझ्या पुतण्याचं लग्न आहे, इथेच न्यू जर्सीत. सकाळी अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, सगळं साग्रसंगीत. संध्याकाळी रिसेप्शन आणि तीन मजली केक. मुलगी इथलीच, इटालियन घरातली, गोड आहे. गेली वीस वर्षं घरातल्या बारशांचे आणि वाढदिवसांचे केक मीच करत आलेय, तेव्हा हाही काकूच करणार हे न विचारताच ठरलं. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

नवरीने एक फोटो पाठवला. पांढराशुभ्र केक आणि त्याच्या प्रत्येक मजल्यावरून झुंबरासारख्या लोंबणाऱ्या चंदेरी मण्यांच्या माळा. दिव्याच्या प्रकाशात नुसता लखलखाट. मी त्याच रात्री मणी आणि वरून लावायची चकाकीची भुकटी मागवली. चार दिवसांनी डबी आली. चष्मा लावून तिच्या बुडाशी छापलेली मुंगीएवढी अक्षरं वाचली. अर्थ असा होता : 'विषारी नाही. फक्त सजावटीसाठी.' घटकपदार्थांची यादी? शोधून सापडली नाही.

मी जाऊबाईंना म्हटलं, "वहिनी, हे खायचं नाहीये." त्या म्हणाल्या, "कोण खातंय? आणि खाल्लं तरी चालतं."

या तीन शब्दांशी माझं भांडण आहे.

आपल्याकडे जिन्नस दोनच प्रकारचे असायचे. एक खायचा आणि एक न खायचा. वेलदोडा खायचा, डांबरगोळी खायची नाही. आता या दोन्हींच्या मधोमध एक तिसरी जात निघाली आहे, 'खाल्लं तरी चालतं' नावाची. ती दिसते खाऊसारखी, विकली जाते खाऊच्या शेजारी, लावली जाते खाऊवर, पण तिला खाऊ म्हणायची जबाबदारी मात्र कुणाची नाही. 'विषारी नाही' हे शब्द शाळेतल्या रंगीत खडूंच्या खोक्यावरही असतात. म्हणून कुणी खडूची कोशिंबीर करत नाही.

इथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, हे अगदी साध्या भाषेत सांगून ठेवलंय. चकाकीची जी भुकटी खाण्यासाठी बनवलेली असते तिच्या वेष्टनावर घटकपदार्थांची यादी असावीच लागते. नुसतं 'विषारी नाही' किंवा 'सजावटीसाठी' लिहिलेलं असेल तर ती खाण्यासाठी नाही. संपलं. यात तत्त्व वगैरे काही नाही, वाचता येणं पुरेसं आहे.

"पण होतं काय एवढ्याशाने?" हा पुढचा प्रश्न. घरातल्या तिघांनी विचारून झालाय. तर ऐका. २०१८ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलं आजारी पडली. उलट्या, जुलाब. सगळ्यात धाकटं एक वर्षाचं, सगळ्यात मोठं अकराचं. केकवर चकाकीच्या भुकटीचा जाड थर होता. तपासात ती भुकटी म्हणजे तांब्याचा बारीक चुरा निघाली. जमिनीवर घालायच्या आवरणांसारख्या वस्तूंना धातूची झळाळी द्यायला वापरतात तो. पुढच्याच वर्षी मिसुरीत एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं सापडलं. शोध घेत गेल्यावर सापडली घरी केलेल्या वाढदिवसाच्या केकवरची पिवळी भुकटी. तिच्यात २५ टक्के शिसं होतं. एक वर्षाचं बाळ, म्हणजे पहिलाच वाढदिवस असणार. कुणा आईने किती हौसेने केला असेल तो केक!

ती आई मीही असू शकले असते, म्हणून हे सगळं लिहितेय. माझ्या लेकाच्या सहाव्या वाढदिवसाला मी अग्निबाणाचा केक केला होता आणि त्याला नखशिखांत चंदेरी भुकटी फासली होती. चौदा मुलं होती. केक खाऊन सगळ्यांच्या जिभा चंदेरी झाल्या. आम्ही त्यांना ओळीने उभं करून जिभा बाहेर काढायला लावल्या आणि फोटो काढला. तो अजून फ्रिजवर आहे. कुणाला काही झालं नाही. पण त्या डबीवर काय लिहिलं होतं ते मी वाचलं नव्हतं. दुसऱ्यांच्या चौदा मुलांना मी न वाचता काहीतरी खाऊ घातलं. ही डबी हातात आल्यापासून मला त्या फोटोकडे बघवत नाही.

आता कुणीतरी वर्ख काढणार. काढलाच आहे, माझ्या नवऱ्याने. "काजूकतलीवरची चांदी चालते आणि केकवरची नाही?" चालते. कारण वर्ख खाण्यासाठीच बनवतात. भारतात त्याला अन्नाचे नियम लागू आहेत. चांदी ९९.९ टक्के शुद्ध लागते आणि २०१६ च्या नियमानुसार तो बनवताना कुठल्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरता येत नाही. माझं भांडण चांदीशी नाहीच. युरोपात ई १७४ या क्रमांकाने चांदी मिठाईच्या वरच्या लेपात चालते. अमेरिकेत साखरेचे चंदेरी मणी 'फक्त सजावटीसाठी' म्हणून विकतात. देशोदेशीचे नियम वेगळे असणारच. पण वर्खवाला म्हणतो, 'ही चांदी आहे, खा.' डबीवाला म्हणतो, 'हे काय आहे ते विचारू नका, आणि खाल्लंत तर आम्ही सांगितलं होतं.' फरक एवढाच आहे आणि तो भरपूर आहे.

राहता राहिलं "कोण खातंय?" अहो, लहान मुलं खातात! लग्नातल्या केकभोवती सगळ्यात आधी कोण जमतं? आणि केकवर काहीतरी चमचमतंय म्हटल्यावर ते आधी काय उचलणार, स्पंज? पाहुण्यांनी सुरीने मणी खरवडून ताटलीच्या कडेला लावायचे आणि मग खायला सुरुवात करायची, ही कुठली पाहुणचाराची रीत? आपण माशाचे काटे काढून खातो ते मासा तसाच जन्माला येतो म्हणून. केकमध्ये काटे आपणच घालायचे आणि पाहुण्याने काढायचे?

मला आठवण येते ती हलव्याची. आई संक्रांतीच्या आधी तीन दिवस शेगडीशी बसायची. परातीत खसखस किंवा तीळ, खाली मंद निखारे. चमचाभर पाक टाकायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी हलवत राहायचं. मग पुढचा चमचा. दाणा हळूहळू फुगतो आणि मग त्याला काटा येतो. हवा दमट असेल तर काटा येत नाही, घाई केली तर गोळा होतो. ज्याला इथे ड्राजे म्हणतात ते मणी करायची मूळ रीतही हीच, दाण्यावर पाकाचे थर चढवत जायचे. फक्त परातीऐवजी फिरतं पिंप आणि बोटांऐवजी मोटर.

त्या हलव्याची पुढे सजावट होते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. नव्या सुनेला काळ्या साडीवर हलव्याचे दागिने आणि बाळाला बोरनहाणात हलव्याचा मुकुट. माझ्या लेकाचं बोरनहाण इथल्याच घरात झालं. आईने पाठवलेला हलवा, बोरं आणि चुरमुरे त्याच्या डोक्यावरून ओतले आणि बाकीची पोरं गालिच्यावर तुटून पडली. डोक्यावरून पडलेलं थेट तोंडात. कुणी कुणाला "खाऊ नको रे ते" म्हणालं नाही. सजावट अशी असावी.

हे वाचून आपली परंपरा किती थोर म्हणून मान डोलावणाऱ्यांना सांगते, जरा थांबा. आपणही तेच करून ठेवलंय. बाजारातले हलव्याचे दागिने नीट बघा. पुठ्ठा, तार, टिकल्या आणि सगळ्यावर गोंद. हळदीकुंकू झालं की डबा माळ्यावर आणि पुढच्या वर्षी मुंग्यांना. आई ते दोऱ्यात ओवायची, म्हणजे दोरा तोडला की खाऊ. गोंद आला आणि खाऊचा देखावा झाला. केकवरच्या डबीला मी नावं ठेवते तेव्हा ती याही गोंदाला ठेवते.

मग करायचं काय? नुसतं नाक मुरडणं सोपं असतं, म्हणून गेले दोन आठवडे स्वयंपाकघर पसरून बसलेय. सगळ्यात साधी चकाकी डिंकाची निघाली. हो, बाळंतिणीच्या लाडवातला डिंकच म्हणा. बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक कुटायचा, जेमतेम गरम पाण्यात विरघळवून गाळायचा, ब्रशने चटईवर पातळ फासायचा आणि ओव्हन अगदी मंद ठेवून वाळवायचा. काचेसारखे पापुद्रे सुटतात. ते चुरडले की झाली चकाकी. मणी मी केकवर लावायच्या साखरेच्या कणकेचे वळते, वाटाण्याहून लहान. दोन दिवस उघड्यावर सुकले की त्यावर डिंकाचं पाणी आणि ही चकाकी. मोतिया झाक हवीच असेल तर अभ्रकाची भुकटी मिळते. इथे ती २००६ पासून काही खाद्यपदार्थांत चालते. तिच्यात बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, जे युरोपने २०२२ मध्ये अन्नातून हद्दपार केलं. पण निदान डबीवर तसं लिहिलेलं असतं, वाचून ठरवता येतं. मी ती नाही वापरणार.

आता खरं ते सांगते. माझे मणी फोटोतल्यासारखे दिसत नाहीत. चांदी आरशासारखी झळकते, साखर दवासारखी लुकलुकते. शिवाय साखर ओल ओढते. जूनच्या दमट हवेत लोण्याच्या आयसिंगवर हे मणी तासाभरात घामेजतील, म्हणून ते कोरड्या थरावर आणि अगदी शेवटी लावावे लागणार. म्हणजे सगळे नटूनथटून फोटो काढत असताना मी आत हातात चिमटा घेऊन बसणार. जाऊबाईंचा राग यावरही आहे आणि तो मला समजतो. एकुलत्या एका मुलाचं लग्न आहे, घरची बाई दिसायला हवी.

शेवटी नवरीलाच फोन केला. वाटलं होतं, वाईट वाटेल तिला. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, तिच्या आजीच्या घरी लग्नात प्रत्येक पाहुण्याला साखरेत घोळलेले पाच बदाम देतात. लहानपणी ती टेबलाखाली बसून दुसऱ्यांच्या वाटचेही खायची. पुढे म्हणाली, "पण मला तो चांदीचा केक फार आवडला होता, काकू." दोन्ही वाक्यं खरी होती. मी तिला सांगितलं, सगळ्यात वरचा मजला थर्माकोलचा करू, लग्नातल्या केकांत तसं सर्रास करतात. त्यावर हवी तेवढी चांदी लाव, माझी काही हरकत नाही. मुलांचा हात तिथवर पोचत नाही आणि खोट्यावर खोटं शोभतं. खालचे दोन मजले मात्र खायचे आहेत, त्यावर जे असेल ते खायचंच असेल. ती "बरं" म्हणाली. अगदी खुशीतलं "बरं" नव्हतं.

जाऊबाई अजून "बरं" म्हणालेल्या नाहीत.

वहिनी, तुमच्या मुलाच्या लग्नात मी चिमटा घेऊन आत बसेन आणि तुम्ही बाहेर माझ्या नावाने बोटं मोडाल, हे मला कबूल आहे. फक्त एक करा. केक कापल्यावर खालच्या मजल्यावरचा एक मणी स्वतः उचलून तोंडात टाका. तो खाल्लेला नुसता 'चालणार' नाही. तो खाण्यासाठीच केलाय.

ता. क. चौदा जिभांचा तो फोटो काढून टाकावा असं मनात आलं होतं. नाही काढला. त्याच्या शेजारी परवाची ती डबी चिकटवून ठेवलीये, अक्षरं वर करून.