विश्लेषण : डॅशबोर्डची चकाकी स्वच्छतेची की तेलाची?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागते. फोम, व्हॅक्यूम झाले की शेवटी स्पंजावर दुधट पॉलिश ओतून ते डॅशबोर्डवर फिरवले जाते. दहा-बारा वर्षांची गाडी आतून ‘नव्यासारखी’ चमकते आणि मालक खूश होतो. गंमत अशी की, नवी असताना ती गाडी अशी चमकतच नव्हती.

डॅशबोर्ड मुळात निस्तेज का?

बहुतेक गाड्यांचा डॅशबोर्ड पॉलिप्रॉपिलिन किंवा एबीएससारख्या प्लास्टिकचा असतो. साच्यातच त्यावर बारीक रवाळ पोत उमटवलेला असतो. हा पोत प्रकाश चहूबाजूंना विखुरतो. गुळगुळीत पृष्ठभाग मात्र तो एकाच दिशेने परतवतो. डॅशबोर्ड चकचकीत असला की त्यावर पडलेले ऊन तिरक्या काचेच्या आतल्या बाजूवर जाते आणि तिथून थेट चालकाच्या डोळ्यांत. काचेवर पांढुरका पडदा आल्यासारखे वाटते आणि समोरचा खड्डा किंवा सावलीतला पादचारी त्यात हरवतो. म्हणूनच आतून बेज रंगाच्या गाड्यांतही डॅशबोर्डचा वरचा भाग बहुधा काळा किंवा गडद राखाडी असतो. मॅटपणा ही कंपनीची काटकसर नव्हे, ती चालकाची सोय आहे. ती पैसे मोजून घालवून घेणे हा उलटा व्यवहार झाला.

चमक आणणाऱ्या बऱ्याच पॉलिशमध्ये सिलिकॉन तेल असते. ते रव्यांमधल्या खाचा भरून काढते. तेलावर धूळ बसते, डॅशबोर्ड पुन्हा मळकट दिसतो, मग पुन्हा पॉलिश. असे थर वर्षानुवर्षे साचतात.

मूळ रूप परत कसे आणावे?

नवे काही लावून नव्हे, साचलेले काढून. गाडी सावलीत आणि डॅशबोर्ड थंड असावा. आधी मऊ ब्रशने एसीच्या जाळ्यांतली व सांध्यांतली धूळ काढावी. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून त्यात मायक्रोफायबरचे फडके भिजवावे आणि घट्ट पिळून पुसावे. पाणी थेट शिंपडू नये. बटणांमागे वायरिंग असते. रव्यांत अडकलेला थर जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने सुटतो. लगेच साध्या ओल्या फडक्याने साबण टिपून घ्यावा. फडके काळे यायचे थांबेपर्यंत हे करावे लागते. एका बैठकीत काम होईलच असे नाही.

तरीही तेलकटपणा उरला, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तितकेच पाणी मिसळून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात पुसून पाहावे. फडक्यावर रंग उतरला तर तिथेच थांबावे. मीटरवरचे पारदर्शक प्लास्टिक, स्क्रीन आणि बटणांवरची छापील चिन्हे यांना हे द्रावण लावू नये. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांचा विचारही नको. खोबरेल तेलाचा घरगुती उपाय म्हणजे नव्याने पहिल्यापासून सुरुवात!

काय परत येत नाही?

सतत हात लागून रवाळ पोतच झिजला असेल, तर तिथली चमक पुसून जात नाही. काही गाड्यांत प्लास्टिकवर रबरासारखा मऊ लेप असतो. दमट हवेत तो वर्षांनी चिकट होतो. ती चिकट घाण नसून लेपच सुटत असतो आणि घासल्यास तो निघून येतो. उन्हाने गेलेले तडे तर कोणतेच रसायन भरत नाही.

अशा वेळी मॅट स्प्रे किंवा विनाइल चिकटवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या आसनासाठी ती असेल तर डॅशबोर्डमध्येच दडलेली असते. तिच्या झाकणावर विनाइल, रंगाचा थर किंवा दुहेरी टेपने बसवलेली मूर्ती, काहीही नको. झाकण उघडण्यात अडथळा येतो आणि वर ठेवलेली वस्तू प्रवाशाच्या तोंडावर फेकली जाते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही डॅशबोर्ड लखलखताना दिसला तर विक्रेत्याला विचारून कोपऱ्यात ओला रुमाल फिरवून पाहावा. खालचे प्लास्टिक पांढरे पडलेले निघाले, तर ती गाडी बरीच वर्षे उन्हात उभी असण्याची शक्यता असते. मग दाराचे रबर आणि छताचा रंगही नीट तपासून घ्यावा.