छत्र मोकळे, हप्ता बांधलेला

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर वेगवान नौकेमागे पॅरासेलिंगचे रंगीत छत्र वर चढते, तेव्हा पर्यटकाला ती घटकाभराची मौज वाटते. नौकाचालकासाठी तो वर्षाच्या भाकरीचा हिशेब असतो. 25 मार्च 2020 रोजी टाळेबंदी आली आणि छत्रे मिटली. निर्बंध अनाठायी होते, असे म्हणता येणार नाही. उड्डाण मोकळ्या हवेत होत असले, तरी पर्यटक गाडीतून व नौकेतून दाटीनेच येतात.

प्रश्न आहे तो नुकसान कोणी सोसावे, हा. मासळी खारवून ठेवता येते. न झालेले उड्डाण साठवता येत नाही. एप्रिल-मे हा ऐन हंगाम बुडाला, आणि पुढे ऑगस्टअखेरपर्यंत पावसाळ्यामुळे जलक्रीडा बंदच असतात. रिझर्व्ह बँकेने कर्जहप्त्यांना दिलेली सवलतही 31 ऑगस्ट 2020 रोजीच संपली. व्याज मात्र दरम्यान चढतच राहिले. 2021 च्या एप्रिलात पुन्हा निर्बंध आले आणि मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ.

पीककर्जाची परतफेड पीक हाती आल्यावर करावयाची असते. हाच न्याय समुद्रावरील हंगामी व्यवसायाला का लावू नये? हप्ते हंगामानुसार बांधावेत. चांगल्या वर्षी प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम काढून संकटनिधी उभारावा व त्यात शासनानेही भर घालावी. 1997 मध्ये सिंधुदुर्गास पर्यटन जिल्हा घोषित करणाऱ्या शासनावर ही जबाबदारी येतेच. बंदीचा आदेश काढणे सोपे असते. तो निमूटपणे पाळणाऱ्याची चूल पेटती ठेवणे, यातच राज्यकारभाराची कसोटी आहे.